कल्याणच्या अलीकडे आणि पलीकडे

दिवाळी अंकात गणित आणले की वाचक पान उलटतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. चकल्यांच्या खमंग वासात अपूर्णांक कोणाला रुचणार? पण या सदराचा आजवरचा शिरस्ता असा की, घरात जे घडते त्याचाच हिशेब इथे मांडायचा. आणि गेल्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या शेजारात जे घडले, त्याला गणित असे काही चिकटून बसले आहे की खरवडूनही निघत नाही. तेव्हा वाचकांनी एवढी वेळ सांभाळून घ्यावे आणि फराळाची बशी जवळ ठेवूनच पुढे वाचावे.

आमच्या शेजारी नाना राहतात. त्यांना तीन मुली. थोरल्या दोघी आपापल्या घरी सुखात आहेत. धाकटी गेल्या वर्षी पदवीधर झाली आणि बँकेच्या नोकरीच्या परीक्षेला बसली. नाना येत्या मार्चमध्ये निवृत्त व्हायचे. त्यामुळे ही परीक्षा घरातल्या सगळ्यांचीच होती. पोरीने वर्षभर रात्रीचा दिवस केलेला. परीक्षा जुलैत, केंद्र दादरला, वेळ सकाळी नऊची, आणि वेळेनंतर कोणालाही आत घेणार नाहीत अशी ठळक अक्षरांत सूचना.

परीक्षेला तीन दिवस उरले असता एका संध्याकाळी नाना हातात कागद घेऊन माझ्याकडे आले.

“मास्तर, चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंत. हा हिशेब जरा तपासा.”

घरात बेत असा चालला होता की, पोरीला आदल्या रात्री दादरला मावशीकडे पाठवावे; तिथून केंद्र चालत दहा मिनिटांवर. नानींचे तेच म्हणणे होते. नानांना ते पसंत नव्हते. परक्या घरी झोप लागत नाही, शेवटची उजळणी होत नाही, शिवाय मावशीकडे बोलणे फार! म्हणून त्यांनी गणिताचा आधार घेतला होता. कागदावर लिहिले होते:

‘गाडी फसण्याचा संभव दहात एक. शिळफाट्याच्या रस्त्याने जाणारी बस फसण्याचा संभव दहात एक. टॅक्सी फसण्याचा संभव दहात एक. तिन्ही एकदम फसण्याचा संभव, दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारात एक.’

“पहाटे पाचला उठून निघू,” नाना म्हणाले, “गाडी नाही तर बस, बस नाही तर टॅक्सी. हजारातून नऊशे नव्व्याण्णव वेळा पोरगी वेळेवर पोचणार. मग मावशी कशाला?”

गुणाकार बिनचूक होता. आणि तरीही तो कागद पाहून माझ्या पोटात गोळा आला.

का, ते सांगण्यापूर्वी नानांचा नियम मुळात बरोबर आहे हे सांगितले पाहिजे. समजा, एक दहा मजली इमारत आहे आणि दर मजल्यावर दहा घरे आहेत. एका डब्यातून मजल्याची चिठ्ठी काढली, दुसऱ्या डब्यातून घराच्या क्रमांकाची. आपला मजला निघण्याचा संभव दहात एक. तो निघाला तरी त्या मजल्यावरच्या दहा घरांतून आपले घर निघण्याचा संभव पुन्हा दहात एक. एकूण घरे शंभर, त्यांतले आपले एक. म्हणून गुणाकार. यात एक अट मात्र गुपचूप दडलेली आहे. पहिल्या डब्यात काय निघाले याची वार्ता दुसऱ्या डब्याला नसली पाहिजे. अशा घटनांना गणितात ‘स्वतंत्र घटना’ म्हणतात. एक घडो वा न घडो, दुसरीचा संभव तसूभरही हलत नाही.

हे शास्त्र जन्मले जुगाराच्या पटावर, आणि दिवाळीत त्याची आठवण काढणे अगदीच अप्रस्तुत नाही. बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदाही म्हणत आले आहेत. महाभारतातल्या नलाला द्यूतात राज्य गमावल्यावर फाशांची विद्या ऋतुपर्ण राजाने शिकवली, आणि तो राजा बेहड्याच्या झाडाची पानेफळे उभ्या उभ्या मोजणारा होता! फ्रान्समध्ये १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांच्यामागेही द मेरे नावाचा एक द्यूतशौकीन गृहस्थ होता. पास्कलच्या पत्रात एक हिशेब आहे: एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा तरी सहा पडेल काय? सरळ मोजू गेले तर गोंधळ होतो. उलटे मोजावे. एकदा टाकून सहा न पडण्याचा संभव सहात पाच. चारही वेळा न पडण्याचे प्रकार पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे ६२५. एकूण प्रकार १२९६. वजा केले की उरतात ६७१. निम्म्याहून थोडे अधिक. म्हणजे ‘निदान एकदा सहा पडेल’ असे म्हणणाऱ्याची बाजू किंचित जड. नानांनीही हेच केले होते: तिन्ही वाहने फसण्याचा संभव काढून तो एकातून वजा केला होता. फाशाच्या बाबतीत हे शोभते, कारण फाशाला आधी काय पडले ते आठवत नाही.

आपल्या मुलखातले याचे उदाहरण हवे असेल तर ते जरा बदनाम आहे. परगावचे पाहुणे आले की हमखास विचारतात, “कल्याणचा आकडा म्हणतात तो तुमच्याच गावचा ना?” आमच्या कल्याणला हा कलंक फुकटचा लागला आहे. तो ‘कल्याण’ म्हणजे गाव नव्हे, माणूस: कच्छहून आलेले कल्याणजी भगत. त्यांनी १९६२ साली वरळीला मटका सुरू केला. त्याआधी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर पैजा लागत. तिथले बाजार उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने येत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. ते भाव बंद झाले, पण नाद बंद झाला नाही. मग एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांतून तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा एकंस्थानचा अंक तो ‘ओपन’. तशीच आणखी तीन पाने काढून ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी.

पाने प्रामाणिकपणे काढली असे धरले, तर ओपनचा अंक साधण्याचा संभव दहात एक, क्लोजचा दहात एक, आणि जोडीचा शंभरात एक. गुणाकाराचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. आता देणे पाहा. रूढ भाव असा की, एका अंकाला एकास नऊ आणि जोडीला एकास नव्वद. म्हणजे शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला तर खिशातून शंभर जातात आणि परत येतात नव्वद. दहा रुपये कुठे गेले ते विचारायला नको. गिरणगावातल्या कित्येक पगारांच्या पाकिटांना या दहा रुपयांनी भोक पाडले, आणि कायद्याने गुन्हा असूनही पाडले. खेळणाऱ्यांना गुणाकार येत नव्हता असे नाही. त्यांचा घात दुसऱ्याच गोष्टीने केला: जुन्या आकड्यांच्या तक्त्यांनी. महिनाभराचे आकडे लिहून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘सत्ता बरेच दिवसांत आला नाही, आता आलाच पाहिजे!’ अहो, पत्त्यांना हा तक्ता कोण वाचून दाखवणार? महिनाभर न आलेल्या सत्त्याचा आजचा संभवही दहात एकच.

हे सारे मी नानांना सांगत होतो, तेवढ्यात त्यांच्या तोंडून नेमके तेच वाक्य निघाले.

“आणखी एक आहे मास्तर. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस गाडी उशिरा आली. चौथ्या दिवशी तरी वेळेवर येणारच की! कुठंतरी पाळी बदलतेच.”

नानांच्या आई दारात येऊन उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कान मात्र तल्लख. त्या म्हणाल्या, “पाळीचं माझ्यापुढे बोलू नका. दोन मुली झाल्या तेव्हा मीही म्हटलं होतं, आता पाळी मुलाची. आणि आली ही!”

ही म्हणजे धाकटी. ती आजीच्या मागेच उभी होती, हातात परीक्षेचे पुस्तक.

हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत बोलले गेले असेल! दोन मुली झाल्या की तिसरा मुलगाच, हा हिशेब मांडून किती बाळंतपणे झाली, आणि हिशेब चुकला म्हणून किती लेकींच्या स्वागताला दिवा लागला नाही. पुढे तर यंत्र आले, आणि पाळीची वाट न पाहताच निवाडा होऊ लागला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. सर्व देशासाठीचा कायदा १९९४ साली झाला. गणित इथे अगदी साधे आहे. निसर्गतः मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिक जन्मतात, पण घरगुती हिशेबाला निम्मे-निम्मे धरावे. लग्नाच्या दिवशी विचारले की, ‘या जोडप्याच्या तिन्ही मुलीच होतील काय?’ तर उत्तर आठात एक. पण दोन मुली अंगणात खेळत असताना ‘तिसरी मुलगी होईल काय?’ असे विचारले, तर उत्तर दोनात एक. आठात एक आणि दोनात एक हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. घडून गेलेल्याचा संभव पुन्हा मोजायचा नसतो.

मी असे लांबण लावले असते, पण धाकटीने ते चार शब्दांत मिटवले. ती हसून म्हणाली, “आजी, बाहेर आधी कोण आलंय ते मला आत कसं कळणार?”

आजींनी तिच्या पाठीवर हात फिरवला. “नाही कळलं तेच बरं झालं,” म्हणाल्या.

नाना मात्र हुशारले. “म्हणजे मास्तर, गाडीलाही कालचं आठवत नाही. मग माझा हजारात एक कायम!”

इथेच माझ्या पोटातल्या गोळ्याचे कारण सांगायची वेळ आली. पत्त्याला आठवत नाही, फाशाला आठवत नाही, गाडीला आठवते.

डोंबिवलीकराला हे समजावायला पुस्तक लागत नाही, फलाट पुरतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी; पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोचली. कल्याणच्या पलीकडे रूळ फुटतात: एक वाट कसाऱ्याकडून थळघाटाला, दुसरी कर्जतकडून बोरघाटाला. आता कसाऱ्याच्या वाटेवर एखाद्या सकाळी रुळाला तडा गेला, तर कर्जतच्या वाटेला त्याची वार्ता नसते. समजा, प्रत्येक वाटेवर असा खोळंबा वीस दिवसांतून एकदा होत असेल, तर दोन्हीकडे एकाच सकाळी होण्याचा संभव चारशेत एक. तिथे खुशाल गुणाकार करावा. पण कल्याणच्या अलीकडे काय होते? त्याच दोन वाटांच्या गाड्या एकामागून एक त्याच रुळांवर येतात. पुढची ठाकुर्लीला अडली की मागची अडलीच. डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून ‘ही नाही तर पुढची’ असे म्हणणारा मनुष्य नकळत गुणाकार करीत असतो. आणि दोन्ही गाड्या एकदमच नाहीशा झाल्या की नशिबाला बोल लावतो. दोष नशिबाचा नसतो. कल्याणच्या पलीकडचा गुणाकार त्याने अलीकडे केलेला असतो.

नानांचे म्हणणे असे की, बस काही रुळावरून येत नाही. खरे आहे. पण पाऊस रुळावर आणि रस्त्यावर एकच पडतो. शिवाय नुसती गाडी बंद पडली, आकाश निरभ्र असले, तरी काय होते? फलाटावरचे हजारो लोक जिना उतरून त्याच बसच्या रांगेत उभे राहतात आणि त्याच टॅक्सीवाल्याला हाका मारतात. म्हणजे गाडी फसली की बस आणि टॅक्सी फसण्याचा संभव तिथल्या तिथे वाढतो. तिघींना एकमेकींची वार्ता आहे. तीन वेगळ्या दोऱ्या समजून आपण ज्यांना लोंबकळतो, त्या वर एकाच खिळ्याला बांधलेल्या असतात.

मी त्याच कागदाच्या मागे आकडे मांडले. ते मानलेलेच आहेत, पण नानांच्या ‘दहात एक’शी जुळणारे. हजार दिवस घेऊ. त्यांतले शंभर दिवस मुसळधार पावसाचे, नऊशे बरे. गाडी पावसाच्या शंभरांतून ऐंशी दिवस फसते आणि बऱ्या नऊशेंतून वीस दिवस. एकूण शंभर, म्हणजे हजारात शंभर, म्हणजे दहात एकच. बसचे तसेच, टॅक्सीचे तसेच. आता तिन्ही एकदम किती दिवस फसतील? पावसाच्या दिवसांपुरती त्यांची एकमेकींशी गाठ नाही असे धरले, तरी दहात आठ, त्यातले दहात आठ, त्यातले दहात आठ: शंभरांतून एक्कावन्न दिवस. बऱ्या दिवसांत तिन्ही फसण्याचा प्रसंग जवळजवळ नाहीच. तेव्हा नानांच्या हजारात एकाच्या जागी उत्तर आले हजारात एक्कावन्न. वीस दिवसांत एकदा! प्रत्येक वाहनाचा संभव तोच, दहात एक. बदलले ते एवढेच की त्यांचा शत्रू एक निघाला.

“आणि नाना,” मी म्हटले, “हे वर्षभराचे झाले. परीक्षा जुलैत आहे. त्या शंभर दिवसांतला दिवस उजाडला, तर तुमचा संभव शंभरात एक्कावन्न.”

नाना काही बोलले नाहीत. ते कसला विचार करीत होते हे मला ठाऊक होते, कारण मीही तोच करीत होतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. सकाळी छत्री विसरून गेलेली माणसे संध्याकाळी कंबरभर पाण्यात होती. गाड्या बंद, रस्ते बंद, दिवे गेलेले, टेलिफोन मुके. उल्हास नदीने बदलापूर आणि कल्याणकडच्या वस्त्यांत पाणी घातले होते, त्यामुळे इकडचे लोक तिकडे आणि तिकडचे इकडे अडकले. एरवी गाडीचा बिघाड दुर्मिळ, रस्त्याचा दुर्मिळ, विजेचा दुर्मिळ, टेलिफोनचा दुर्मिळ. चारही दुर्मिळांचा गुणाकार करून कोणी सांगितले असते की, हे सारे एकदम घडणे युगायुगांत होणार नाही. ते एका दुपारी घडले, कारण चौघांच्या मुळाशी एकच ढग होता.

त्या रात्री नाना रुळांवरून चालत निघाले होते ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. धाकटी तेव्हा तान्ही होती. नानी तिला मांडीवर घेऊन रात्रभर जिन्यात बसून होत्या. हे मला नानांनी सांगितलेले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, कारण त्याही नानींच्या शेजारी त्याच जिन्यात बसल्या होत्या. मी स्वतः सुदैवाने घरी होतो आणि मेणबत्त्या शोधीत होतो.

नानांनी कागदाची घडी घातली. “मावशीचा काय हिशेब?” त्यांनी विचारले.

“मावशीचे घर दादरला, केंद्र दादरला, आणि पोरीला पाय दोन. या मार्गाला कल्याण लागत नाही, शिळफाटा लागत नाही. हा एक मार्ग तुमच्या तिन्हींच्या खिळ्याला बांधलेला नाही. चौथे वाहन जोडण्यापेक्षा असा एक मार्ग जोडावा.”

आदल्या संध्याकाळी धाकटी पिशवी घेऊन गेली. नाना तिला पोचवायला दादरपर्यंत गेले आणि मावशीच्या हातचे पोहे खाऊन परत आले.

वाचकांची अपेक्षा असेल की, दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस पडला. नाही पडला. परीक्षेच्या दिवशी लख्ख ऊन होते आणि गाड्या अशा घड्याळाप्रमाणे धावत होत्या की, मलाच खिडकीत उभे राहायची लाज वाटली. नाना दूध आणायला जाताना मुद्दाम थांबून म्हणाले, “काय मास्तर? उगीच पाठवली की नाही?”

मी म्हटले, “छत्री नेली आणि पाऊस आला नाही, म्हणून छत्री नेणं चुकत नाही.” पण हे शहाणपण सकाळी सातला कोणाला पटत नाही, आणि नानांनाही पटले नाही.

असो. धाकटी पास झाली. नेमणूक ठाण्याच्या शाखेत मिळाली आणि आता ती रोज सकाळी त्याच फलाटावर उभी असते. परवा वसुबारसेला तिने पहिल्या पगाराचे पेढे आणून दिले. नाना बरोबर होतेच. बोलता बोलता म्हणाले, “मास्तर, तुमचं सगळं ध्यानात ठेवलंय बरं. पोरीची सकाळची गाडी चुकू नये म्हणून मी आता एका गजरावर विसंबत नाही. माझ्या मोबाईलवर एक गजर, नानीच्या मोबाईलवर दुसरा. एक वाजला नाही तरी दुसरा वाजणारच!”

“शाबास!” मी म्हटले. “आणि रात्री दोन्ही मोबाईल चार्जिंगला कुठे लावता?”

नाना पेढ्याचा घास तोंडात तसाच ठेवून थांबले.

“स्वैपाकघरात,” धाकटी म्हणाली, “एकाच बोर्डाला, काका.”